बाबा नामस्मरण स्पष्ट म्हणतात, मग पाणी का मागत नाहीत?

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही नागपूरला महालात राहतो. बाबा 66 वर्षांचे, कळमन्याला संत्र्याचा धंदा. फेब्रुवारीत त्यांना पॅरालिसिसचा मोठा अटॅक आला, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली म्हणे. उजवा हात-पाय हलत नाही आणि बोलणंच गेलं, काहीही विचारा, ‘हो हो’ इतकंच. पण संध्याकाळी आईसोबत ‘गण गण गणात बोते’ एकदम स्पष्ट म्हणतात! त्यामुळे काका म्हणतात मुद्दाम करून राहिले, आणि मोठा भाऊ म्हणतो त्यांना आता काही समजतच नाही. पाहुणे कानाशी ओरडतात, ‘ओळखलं का मला?’ मग बाबा रडतात. पाटी-पेन्सिल दिली तर फेकून दिली. त्यांच्याशी बोलायचं तरी कसं?
– एक मुलगा, महाल

उत्तर: पहिले हे काकांना वाचायला द्या. बाबा मुद्दाम काहीच करत नाहीयेत. या आजाराला अफेझिया म्हणतात, म्हणजे मेंदूला मार बसून भाषा बिघडणं. शब्द शोधून वाक्य जुळवणं हे बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूचं काम, आणि मार तिथेच बसलाय. वर्षानुवर्षं म्हटलेलं नाम, एक-दोन-तीन, पाठ असलेलं गाणं, अगदी शिवीसुद्धा, जुळवावी लागत नाही, ती तयारच असते म्हणून निघते. ‘पाणी’ हा शब्द मात्र त्या क्षणी शोधून आणावा लागतो. 1861 मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका या डॉक्टरांनी असाच पेशंट पाहिला होता, काहीही विचारलं तरी तो फक्त ‘तान तान’ म्हणायचा पण समोरच्याचं बरंचसं त्याला समजायचं, आणि तो गेल्यावर त्याच्या मेंदूत डावीकडे पुढच्या भागातच इजा सापडली.

आता भावाचं. एवढ्या मोठ्या अटॅकमध्ये समजण्यालाही धक्का बसू शकतो, लांब वाक्य निसटतं, तिघं एकदम बोलले की काहीच हाती लागत नाही. पण म्हणून आपली माणसं, मान-अपमान हे सगळं गेलं असं नसतं हो. त्यांच्यासमोर ‘यांना काही कळत नाही’ म्हणणं आजपासून बंद करा, हात जोडून सांगते.

ओरडू नका, अडचण कानाची नाहीये. समोर बसा, टीव्ही बंद करा आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो कूलरही पाच मिनिटं बंद करा, त्या घरघरीत धडधाकट माणसालाही नीट ऐकू येत नाही. छोटं वाक्य बोला आणि थांबा, मनात दहापर्यंत मोजा, आपल्याला ती शांतता सहन होत नाही म्हणून आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. ‘काय पाहिजे?’ विचारू नका. एका हातात चहाचा कप, दुसऱ्यात ताकाचा ग्लास धरा, ‘बाबा, चहा? की ताक?’ नजर कुठे जाते, डावा हात कुठे उचलला जातो ते बघा. त्यांच्या ‘हो’वर जाऊ नका, अफेझियात ‘नाही’ म्हणायचं असताना ‘हो’ निघतं, म्हणून चेहरा बघायचा आणि एकदा परत दाखवून खात्री करायची.

पाटीचा राग मला पटतो. अफेझियात लिहिणंही बिघडतं, आणि त्यात उजवा हात गेलेला. त्यापेक्षा मोबाईलमध्ये फोटो काढा, पंखा, बाथरूम, गोळ्या, घरातले सगळे आणि हो, कळमन्याचा गाळासुद्धा. आज भाव काय निघाला, माल कोणाला दिला, हे त्यांना रोज सांगा, धंद्यातलं विचारा, घरातले मोठे तेच आहेत अजून.

पाहुण्यांना दारातच सांगा, परीक्षा घ्यायची नाही, ‘दादा, मी अमुक, भेटायला आलो’ असं स्वतः सांगायचं.

रडण्याचं म्हणाल तर कधी ते मनाचं असतं, कधी मेंदूचा ताबा सुटल्यामुळे रडू थांबत नाही. पण झोप-जेवण उडालं, कशातच लक्ष नसलं तर डॉक्टरांना सांगा, अटॅकनंतर डिप्रेशन खूप जणांना येतं, त्याला औषध आहे.

आणि न्यूरोच्या डॉक्टरांकडून स्पीच थेरपिस्टची चिठ्ठी या आठवड्यातच घ्या. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा जास्त वेगाने होते, नंतरही होत राहते. आईसोबतच्या त्या नामाबद्दल थेरपिस्टला नक्की सांगा, सुरात म्हणवून घेत शब्द आणायची थेरपी असते. पाणी-चहा पिताना ठसका लागतो का तेही तपासून घ्या, लागत असेल तर पातळ काहीही देण्याआधी थेरपिस्टला विचारा, आणि झोपवून तर घोटभरही पाजू नका, ते छातीत उतरून न्यूमोनिया होतो.