एकच आजार, मग वडिलांना गोळ्या आणि भावाला मशीन का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६८ वर्षांचे, भाऊ २४ वर्षांचा, दोघांच्याही हृदयाचा स्नायू जाड झालाय, म्हणजे एचसीएम (हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी). वडिलांना जिना चढताना धाप लागते, तरी नुसत्या गोळ्या. भावाला काडीचा त्रास नाही, तरी आयसीडी, म्हणजे ठोके बेफाम झाले की आतून शॉक देऊन ताळ्यावर आणणारं छोटं मशीन, बसवा म्हणतात. डॉक्टर उलटं तर सांगत नाहीत ना?

उलटं नाही. आमच्या घरात अगदी हेच घडलंय, म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. ३१ व्या वर्षी माझ्या डाव्या खांद्याखाली आयसीडी बसली. आई आता ७२ वर्षांची आहे, तिलाही हाच आजार आहे आणि तिला मशीन नाही. तेव्हा मीही डॉक्टरांशी वाद घातला होता की आधी आईचं बघा, त्रास तिला होतोय.

त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर हृदय काढून दाखवलं. डाव्या आणि उजव्या कप्प्यामधला पडदा बहुतेकांत १० मिलिमीटरच्या आसपास असतो. या आजारात, दुसरं काही कारण नसताना, तो १५ किंवा त्याहून जास्त भरतो. त्यातून दोन वेगळी दुखणी निघतात. एक वाटेचं: जाड पडदा रक्त बाहेर पडायच्या वाटेत येतो, मग धाप, छातीत दुखणं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी. दुसरं विजेचं: स्नायूचे तंतू वेडेवाकडे विणलेले असतात, मध्ये व्रणासारखे डाग पडतात, तिथून ठोके एकाएकी बेफाम सुटू शकतात. वाटेचं दुखणं माणसाला जाणवतं. विजेचं जाणवेलच असं नाही. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फोए २००३ मध्ये लिऑनला भर सामन्यात कोसळून गेला, तेव्हा तो २८ वर्षांचा होता. शवविच्छेदनात हाच आजार निघाला.

हा विजेचा धोका तरुण वयात जास्त असतो. साठी ओलांडलेल्या रुग्णात तो कमी होतो, हे ऐकून मला आश्चर्य वाटलं होतं. म्हणून भावाला त्रास आहे की नाही यावर आयसीडी ठरत नाही. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का, कारण न कळता शुद्ध हरपली होती का, पडदा ३० मिलिमीटरच्या घरात आहे का, होल्टरवर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) वेगवान ठोक्यांची माळ दिसली का, एमआरआयमध्ये डाग किती, हृदयाचं टोक फुग्यासारखं झालंय का, पंपिंग ५० टक्क्यांखाली गेलंय का, यावर ठरतं. माझा मामा ३४ व्या वर्षी क्रिकेट खेळताना गेला. घरात सगळे 'ॲटॅक' म्हणायचे. ते आणि माझा होल्टर, दोन्ही मिळून माझं ठरलं. भावाच्या बाबतीत यातलं नेमकं काय आहे, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. यातलं काहीच नसेल तर जरूर दुसरं मत घ्या, कारण मशीन म्हणजे काही ताईत नव्हे. बॅटरी काही वर्षांनी संपते, २४ व्या वर्षी बसवली तर आयुष्यात चार-पाच वेळा तरी बदलावी लागेल. वायर बिघडू शकते. नको तेव्हाही शॉक बसतो. मला एकदा बसलाय, नववी ब च्या वर्गात, हातातला खडू फळ्यापर्यंत पोचलाच नाही.

वडिलांकडे वळू. आईला इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, अडथळ्याचा आकडा (अडथळ्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक) ८० आला होता. ५० च्या पुढे गेला आणि गोळ्यांनीही त्रास कमी झाला नाही, की वाट मोकळी करायचा विचार करतात. गोळ्यांत आधी मेटोप्रोलॉल देतात, तिने भागलं नाही तर त्याजागी व्हेरापामिल. बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं. अडथळा असलेल्या मोठ्या माणसांसाठी मॅव्हाकॅम्टेन नावाची गोळी २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. ती स्नायूची आकुंचनाची ताकदच थोडी कमी करते, म्हणून ती घेताना वारंवार इको करावा लागतो. आईचं गोळ्यांनी भागलं नाही. ६९ व्या वर्षी तिच्या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या छोट्या नळीत, जांघेतून तार नेऊन, थोडं शुद्ध अल्कोहोल सोडलं. तेवढा भाग मुद्दाम मारायचा, मग तो आक्रसतो आणि वाट रुंद होते. लंडनमध्ये १९९४ मध्ये उलरिख सिगवार्ट यांनी हे सुरू केलं. आई माळकरी. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "शेवटी पाजलीतच मला."

हेच तरुणाला करायचं तर बहुतेक डॉक्टर छाती उघडून पडदा तासायची शस्त्रक्रिया आधी सुचवतात. अल्कोहोलने मागे व्रण राहतो, आणि तो घेऊन पुढची पन्नास वर्षं काढायची असतात. शिवाय अल्कोहोलनंतर साधारण दहातल्या एकाला पेसमेकर लागतो. मात्र ही शस्त्रक्रिया करणारे हात मोजके आहेत. सर्जनना "तुम्ही अशा किती केल्यात" हे विचारायला लाजू नका.

वडिलांच्या वयात आणखी एक गोष्ट महत्त्वाची: एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांचा ताल सुटणं. ते या आजारात झालं की रक्त पातळ करणारी गोळी सहसा सुरू करतातच, नाहीतर गुठळी मेंदूत जाऊ शकते. आणि या वयात स्नायू जाड होण्याची कारणं वेगळीही असतात, जुनं बीपी किंवा अमायलॉइड (स्नायूत साठणारं एक बिघडलेलं प्रथिन). भावालाही आजार आहे म्हणजे तुमच्याकडे तो आनुवंशिकच दिसतो, तरी एकदा विचारा.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर हे उत्तर लिहायला घेतलं ते. आईचं निदान व्हायच्या आधी एका लग्नात तिच्या छातीत दुखलं, आणि शेजारच्या काकांनी खिशातली सॉर्बिट्रेट तिच्या जिभेखाली ठेवली. पाच मिनिटांत ती खुर्चीतून खाली. साध्या अंजायनात, म्हणजे हृदयाच्या नळ्या अरुंद होऊन छातीत दुखतं तेव्हा, ही गोळी गुणाची, पण वाट अडलेली असताना ती रक्तवाहिन्या सैल करते, हृदयात रक्त कमी भरतं, कप्पा लहान होतो आणि अडथळा वाढतो. ॲम्लोडिपिन आणि लघवीच्या जास्त डोसच्या गोळ्या यांचंही तसंच. निर्जळी एकादशीही त्याच कारणासाठी आमच्याकडे बंद झाली, त्यावर मात्र भांडण झालं. वडिलांच्या बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. आपल्या मनाने काही बंद करू नका. आजाराचं नाव लिहिलेला कागद दोघांच्याही पाकिटात असू द्या.

भावाला पळणं-खेळणं पूर्ण बंद सांगितलं असेल तर तेही पुन्हा विचारा. पूर्वी सरसकट बंदी असायची. आता तपासण्या करून, बोलून, माणसागणिक ठरवतात.

एक राहिलं. आजार असलेल्याच्या प्रत्येक मुलाला सदोष जनुक मिळण्याची शक्यता निम्मी असते, आणि आज इको स्वच्छ आला तरी स्नायू पुढे कधीतरी जाड होऊ शकतो. म्हणून अशा घरातल्या मोठ्यांनी दर ३ ते ५ वर्षांनी, मुलांनी दर १-२ वर्षांनी ईसीजी आणि इको करायचा. माझ्या लेकीचा मे महिन्याच्या सुट्टीत असतो, नंतर उसाचा रस ठरलेला. तुम्ही वडिलांचं लिहिलंत, भावाचं लिहिलंत. तुमचा स्वतःचा इको कधी झालाय?