इंग्लंडमधल्या रोमन रस्त्याचा हरवलेला मार्ग लायडारवरून, म्हणजे विमानातून लेसरने मोजलेल्या जमिनीच्या उंचसखलपणावरून, कसा ओळखावा? दोन लष्करी ठाण्यांमध्ये सरळ रेषा ओढली तर चालेल का?

नाही चालणार. पट्टी घेऊन बसणाऱ्यांनीच निम्मे घोळ घातलेत.

तुम्ही मँचेस्टर ते यॉर्क हा मार्ग धरलाय म्हणून लिहितोय, कारण मी हडर्सफील्डला राहतो, याच पट्ट्यात. इथे सगळे अँटोनाइन यादीचा, म्हणजे रोमन काळातल्या मार्गांच्या आणि अंतरांच्या यादीचा, दाखला देतात. तीत मामुकियम, म्हणजे मँचेस्टर, ते कांबोडुनम 18 रोमन मैल आणि तिथून काल्कारिया, म्हणजे यॉर्कच्या अलीकडचं टॅडकास्टर, 20. रोमन मैल साधारण 1.48 किमीचा, म्हणजे सगळे मिळून 56 किमी. मँचेस्टर-टॅडकास्टर नुसतं हवाई अंतरच 80 किमीच्या आसपास भरतं! नकला करताना आकडे बिघडले असणार. त्यात कांबोडुनम नेमकं कुठलं यावरही एकमत नाही. कोणी स्लॅकचं ठाणं म्हणतं, कोणी लीड्स. मग पट्टीचं दुसरं टोक ठेवणार कुठे?

माझे मेव्हणे पुण्याहून आले होते. उभा जन्म रस्ते बांधण्यात गेलेला, त्यामुळे रोमन रस्ता बघायचाच होता. मी म्हटलं कॅसलशॉला जाऊ, तिथलं ठाणं तरी निर्विवाद रोमन आहे. पण गवताचे उंचवटे बघायला ते आले नव्हते. शेवटी लिटलबरोकडून ब्लॅकस्टोन एज चढलो. तिथे जवळपास पाच मीटर रुंद फरसबंदी आहे, मधोमध पन्हळ असलेल्या दगडांची रांग. मेव्हण्यांनी वाकून सांधे तपासले आणि निकाल दिला, "हे काम रोमनांचंच."

मी सांगितलं, रॉचडेल-हॅलिफॅक्स टोलरस्त्याचा कायदा 1735 चा आहे आणि तो रस्ता याच डोंगरावरून नेला. त्यावर, "टोलवाले एवढा दगड घालतात होय? मला रस्ते शिकवू नकोस." मग नाणेघाट निघाला. अहो, नाणेघाटात नागनिकेचा लेख कोरलाय, म्हणून तिथे सातवाहनांचं नाव छातीठोकपणे घेता येतं. या फरसबंदीवर कोणाचं नाव आहे? बायको अर्थातच भावाच्या बाजूने.

ब्रिटनमध्ये गावाबाहेरचे रोमन रस्ते बहुतेक दगडमातीच्या भरावावर खडी ठोकून केलेले असत. घडीव दगडांची अशी फरसबंदी तिथे विरळा. पन्हळीत घोड्यांच्या पायाला पकड मिळावी म्हणून गवताची ढेकळं भरत, असं काहीजण म्हणतात. उतारावर गाडीला ब्रेक लावायला ती होती, असं दुसरे म्हणतात. दोन्हींतून तारीख काही निघत नाही.

तुमचं लायडार. एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेची लायडार माहिती 2015 पासून फुकट मिळते. संगणकावर एकाच दिशेने उजेड पाडून बनवलेली छायाप्रतिमा बघून निष्कर्ष काढू नका. उजेडाच्या दिशेनेच जाणारा बुटका भराव तीत दिसतच नाही. तीन-चार दिशा फिरवून बघा. भराव आणि दोन्ही बाजूंचे चर शोधा. सरळ तुकडे सहसा टेकडीच्या माथ्यावर वळतात आणि तीव्र चढावर रस्ता खुशाल नागमोडी जातो, तिथे पट्टीवाले हमखास चुकतात. मग ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे मैलाला सहा इंच प्रमाणाचे जुने नकाशे वर ठेवून टोलरस्ते, खेचरांच्या वाटा, शेतांचे बांध वगळत जा. उरेल तेही रोमन असेलच असं नाही. हडर्सफील्डच्या हौशी मंडळींनी स्लॅकजवळ रस्ता शोधला तो खणूनच. खणायला जमीनमालकाची परवानगी लागते, आणि संरक्षित स्मारकावर विनापरवाना मेटल डिटेक्टर नेणं हा 1979 च्या कायद्याखाली गुन्हा आहे.

आणि हो, ब्लॅकस्टोन एजवरून रोमन रस्ता गेलाच नाही असं मी म्हणत नाही. या फरसबंदीच्या आसपास जुनी वाट असू शकते. पण शेजारची वाट रोमन निघाली म्हणून हे दगड रोमन होत नाहीत. मेव्हण्यांना हे दुसऱ्या कोणीतरी सांगा, माझं ते ऐकत नाहीत.