दोन कलाकार मिळून सिनेमा, वेबसाइट आणि रस्त्यावरची कला असं सगळं करतात, तेव्हा त्यांचं नेमकं काम कोणतं? आणि दोघांत वाटणी कशी असते?

मी सोलापूरचा, लग्नाच्या शूटिंगवर घर चालवतो. कलेचं शिक्षण घेतलेलं नाही. पण मुंबईच्या शायना आनंद आणि अशोक सुकुमारन यांचं काम गेली काही वर्षं मनापासून बघतोय, त्यावरून सांगतो.

२००७ मध्ये त्यांनी संजय भांगर यांच्यासोबत 'कॅम्प' हा स्टुडिओ सुरू केला. पण आधीची दोन कामं बघा. २००५ मध्ये अशोक यांनी मुंबईत जीपीओजवळ रस्त्यावर एक हँडल बसवलं. येणाऱ्याजाणाऱ्यानं ते फिरवलं की आजूबाजूच्या इमारतींवर दिवे पळायचे. २००६ मध्ये शायना यांनी दिल्लीच्या खिडकी वस्तीत घरा-दुकानांतून टीव्ही आणि त्यावर कॅमेरे ठेवून सगळे केबलनं जोडले. पडद्याचे चार भाग, एकात आपण, बाकीच्यांत शेजारी. लोक बसल्या जागेवरून गप्पा मारायला लागले. दोन्हीकडे यंत्र लोकांच्या हातात दिलंय. त्यांचं नेमकं काम मला विचाराल तर हेच, सिनेमा असो की वेबसाइट.

पुढे जेरुसलेममध्ये त्यांनी फिरता सीसीटीव्ही कॅमेरा पॅलेस्टिनी कुटुंबांकडे दिला. घरातली माणसं तो स्वतः फिरवून, जवळ नेऊन समोरच्या घरांबद्दल बोलतात. २०१३ चा 'फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ' हा ८३ मिनिटांचा सिनेमा तर बराचसा खलाशांनी मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओंचाच आहे. कच्छच्या आखातातून आफ्रिकेपर्यंत जाणाऱ्या लाकडी जहाजांवरचे खलाशी. त्यांनी व्हिडिओंना जी गाणी लावली होती, ती तशीच ठेवलीत.

त्या गाण्यांचं महत्त्व मला उशिरा कळलं. सोलापूरच्या पूर्व भागातला, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतला, माझा एक मित्र चादरीच्या कारखान्यात माग चालवतो. आम्ही दोघांनी तिथल्या कामगारांच्या मोबाईलमधल्या क्लिपा गोळा करायला घेतल्या. ठरवलं, गोळा तो करणार, एडिटिंग मी. मी सवयीनं सगळी तेलुगू गाणी काढली आणि खाली बासरी टाकली. तो बघून गप्प बसला. मग म्हणाला, "अरे, मागाच्या खडखडाटात दुसरं काय ऐकू येणार? म्हणून तर गाणं लावतात. ते काढलंस तर क्लिप त्याची कुठं राहिली?" आमची वाटणी तिथंच मोडली. आता रात्री त्याची पाळी सुटली की दोघं एकाच कॉम्प्युटरसमोर बसतो. मागावरची धाग्याची कांडी बदलणारा हात किती सेकंद दिसावा, यावर तो बोलतो आणि मी ऐकतो.

वेबसाइटचं म्हणाल तर 'पॅड.मा' जरूर उघडा. २००८ पासून चालू आहे, कॅम्पसह अनेक संस्थांनी मिळून उभी केलेली. तिथं तयार सिनेमापेक्षा कच्चं फुटेज जास्त आहे, आणि कुठल्या सेकंदाला काय दिसतंय, कोण काय बोलतंय हे शेजारी लिहिलेलं. आम्ही लग्नवाले जे डिलीट करून कार्ड मोकळं करतो, ते हे लोक जपून ठेवतात. दुसऱ्या कुणाला त्यातून वेगळं काही करता यावं म्हणून.

तुमचाही कुणी जोडीदार असेल तर तिथलं एकच फुटेज निवडा, दोघांनी वेगवेगळ्या नोंदी लिहा, मग शेजारी ठेवून वाचा. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा दोघांच्या नोंदींत सारखी ओळ एकच निघाली.