गॅरेजमधलं विमान आणि ४०१(के)चं कर्ज

ऑस्टिनजवळ राहणाऱ्या एका वाचकाचं लांबलचक पत्र आलं आहे. त्याचा गाभा असा : वय ४३, सॉफ्टवेअरमधली नोकरी, नवराबायको दोघांकडे ग्रीन कार्ड, मुलगी नववीत. दोन वर्षांपूर्वी खासगी वैमानिकाचा परवाना मिळाला, तेव्हापासून भाड्याच्या सेसना १७२ वर उड्डाणं चालू आहेत. आता घरच्या गॅरेजमध्ये व्हॅन्स एअरक्राफ्टचं आरव्ही-९ए हे दोन सीटचं विमान किटवरून बांधायचं आहे. ईएए या हौशी विमानबांधणाऱ्यांच्या संघटनेच्या स्थानिक चॅप्टरमधले (शाखेतले) एक निवृत्त मेकॅनिक शनिवारी मदतीला यायला तयार आहेत, त्यांनी स्वतः दोन आरव्ही बांधली आहेत. एच-वन-बी व्हिसावर असलेला ऑफिसातला मराठी मित्र कामाला हात लावेन म्हणतो, शिवाय एक तृतीयांश पैसेही घालेन म्हणतो. एकूण अंदाज सव्वा लाख डॉलर आणि पाच वर्षं. किमती वाढतायत, म्हणून सगळं क्विक-बिल्ड, म्हणजे बरंचसं आधीच जोडून येणारं, किट आत्ताच मागवायचा विचार आहे. त्यासाठी ४०१(के) या नोकरीतल्या निवृत्ती खात्यामधून ५० हजारांचं कर्ज काढावं की कोथरूडचा फ्लॅट विकावा, हा प्रश्न. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : ‘बायकोचा विरोध नाही, गाडी कुठे लावायची एवढंच तिने विचारलंय.’

आधी उत्तर, मग कारणं. विमान बांधा. सगळं किट एकदम मागवू नका आणि ४०१(के)ला हात लावू नका. फ्लॅटचा निर्णय स्वतंत्रपणे घ्या, त्याला विमानाशी जोडू नका.

तुम्ही हे गुंतवणूक म्हणून मांडलेलं नाही, ते बरं केलंत. ‘विकलं तरी पैसे सुटतील’ असं एक वाक्य मात्र पत्रात डोकावलंय. चांगलं बांधलेलं, उडणारं आरव्ही विकलं जातं, साहित्याचा खर्च बऱ्यापैकी वसूलही होतो. तुमच्या हजार-दीड हजार तासांचे पैसे कोणी देत नाही, पण तेवढं चालेल, कारण ते तास हाच तुमचा आनंद आहे. खरी अडचण अर्धवट राहिलेल्या विमानाची. पंख तयार, मधला सांगाडा पेटीत, कामाची वही अर्धी भरलेली, असा प्रकल्प घेणारा माणूस तुमचं प्रत्येक रिव्हेट संशयाने बघतो आणि भाव पाडूनच मागतो. म्हणून तुमच्या बाबतीत मी सगळ्यात आधी ‘हे पूर्ण होईल का?’ हे तपासतो. ‘किती लागतील?’ हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

पूर्ण होण्याची शक्यता वाढवणारी सगळ्यात मोठी गोष्ट तुम्हाला फुकट मिळते आहे : ते मेकॅनिक. आरव्हीचं काम पत्र्याचं. भोकं पाडायची, कडा साफ करायच्या, क्लेको नावाच्या पिनांनी पत्रे तात्पुरते जोडायचे आणि मग रिव्हेट मारायचे. बऱ्याच ठिकाणी एकाने बाहेरून रिव्हेट गन धरायची आणि दुसऱ्याने आतून बकिंग बार, म्हणजे धातूचा ठोकळा, टेकवायचा, असं दोघांचंच काम असतं. एकट्याने बांधायला निघालेला माणूस इथेच महिनोन्‌महिने अडकतो. १९५३ साली विस्कॉन्सिनमध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी ईएए सुरू केली, ती अशाच गॅरेजवाल्यांसाठी. चॅप्टरमधले टेक्निकल कौन्सेलर स्वयंसेवक असतात, ते येऊन काम तपासून जातात आणि पैसे घेत नाहीत. तुम्ही खर्चाचा तक्ता पाठवलाय, त्यात ही ओळ शून्य डॉलरची आहे. माझ्या मते तक्त्यातली सगळ्यात मौल्यवान ओळ तीच.

पण या मदतीला पैशांचा स्पर्श होऊ देऊ नका. एफएए या अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाच्या नियमाप्रमाणे विमानाचा मोठा भाग, ज्याला सगळे ५१ टक्के म्हणतात, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून बांधणाऱ्यांच्या हातून व्हायला हवा. मित्राने हौसेने केलेलं काम त्यात धरलं जातं, मजुरी देऊन करून घेतलेलं धरलं जात नाही. तेव्हा शनिवारी पोहे, मिसळ, जे काय करायचं ते भरपूर करा, पण ‘तासाचे एवढे घ्या’ असं म्हणू नका. रोजच्या कामाची नोंद आणि फोटो मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा, त्यात तुम्ही स्वतः दिसायला हवेत. पुढे याच नोंदींवर तुम्हाला या विमानाचं रिपेअरमन सर्टिफिकेट मिळू शकतं, म्हणजे दरवर्षीची सक्तीची तपासणी (कंडिशन इन्स्पेक्शन) तुम्हालाच करता येते. विमान उडेल तितकी वर्षं हा खर्च वाचत राहतो. एका विमानामागे हे सर्टिफिकेट एकाच बांधणाऱ्याला मिळतं, हे मित्राला आत्ताच सांगून ठेवा.

आता आकडे. सगळा घरखर्च आणि निवृत्तीची कपात जाऊन महिन्याला तुमचे ३,२०० डॉलर उरतात. ५० हजारांचं कर्ज पाच वर्षांत फेडायचं, व्याज साडेआठ टक्के धरू, तर हप्ता साधारण १,०२५. उरलेले ७५ हजारही त्याच पाच वर्षांत उभे करायचे म्हणजे महिन्याला १,२५० अजून. दोन्ही मिळून २,२७५. मुलीचं कॉलेज चार वर्षांवर, ५२९ या शिक्षणाच्या बचत खात्यात ३८ हजार, आणि अडीनडीची गंगाजळी २५ हजारांची, म्हणजे जेमतेम साडेतीन महिन्यांचा खर्च. या सगळ्याला उरतात ९२५. यात कर्जाची अट अशी की नोकरी गेली तर उरलेली रक्कम त्या वर्षाचं टॅक्स रिटर्न भरण्याच्या मुदतीपर्यंत भरायची. नाही भरली तर ते पैसे काढल्यासारखं धरून कर लागतो, आणि तुमच्या वयाला वर दहा टक्के दंड. तुमच्या क्षेत्रात नोकरी जाणं ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. नोकरी गेलेली, कर्ज अंगावर आणि गॅरेजमध्ये न उघडलेल्या पेट्या, ही अर्धवट विमान स्वस्तात विकायला लागण्याची अगदी हमखास वाट आहे.

‘किमती वाढतायत’ या कारणाबद्दल. वाढतात, खरं आहे. पण आगाऊ पैसे भरून ठेवण्यातही जोखीम असते, आणि ती व्हॅन्सच्याच ग्राहकांनी बघितली आहे. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७३ साली सुरू केलेली ही कंपनी या क्षेत्रातली सगळ्यात नावाजलेली. तरी लेझरने कापलेल्या भागांचा प्रश्न आणि वाढलेला खर्च यांमुळे डिसेंबर २०२३ मध्ये तिला चॅप्टर ११, म्हणजे दिवाळखोरीतून सावरण्याच्या कायद्याखाली, कोर्टात जावं लागलं. किटसाठी आगाऊ रक्कम भरलेल्या लोकांपुढे वाढीव किंमत मान्य करण्याचा पर्याय ठेवला गेला. पुढच्या वर्षी कंपनी त्यातून बाहेर आली आणि आज किट विकते आहे. माझा रोख कंपनीवर नाही. हातात न आलेल्या मालासाठी भरलेले पैसे हे तुम्ही दिलेलं बिनतारणी कर्जच असतं, एवढं लक्षात असू द्या.

किट टप्प्याटप्प्याने घेता येतं, ही या छंदाची फार मोठी सोय आहे : आधी शेपूट, मग पंख, मग मधला सांगाडा, मग फिनिशिंग किट, आणि सगळ्यात शेवटी इंजिन, प्रॉपेलर आणि एव्हिऑनिक्स (कॉकपिटमधली इलेक्ट्रॉनिक उपकरणं). शेवटचा टप्पाच सगळ्यात महाग. इंजिन लवकर आणून ठेवलं तर ते गंजू नये म्हणून जपायचं, आणि स्क्रीन लवकर घेतल्या तर बसवेपर्यंत जुन्या झालेल्या. म्हणून पहिले सहा महिने विमानाला एक डॉलरही नाही. त्यात गंगाजळी सहा महिन्यांच्या खर्चाएवढी, म्हणजे ४३ हजारांच्या आसपास होईल. तेवढा काळ चॅप्टरमध्ये दुसऱ्या कोणाचं विमान चालू असेल तिथे जाऊन बकिंग बार धरा. शनिवारी सकाळी उठून ऑगस्टच्या टेक्सासच्या गॅरेजमध्ये जावंसं वाटतं का, हे तिथे कळेल. नंतर अवजारं आणि शेपटीचं किट, रोखीने. मग महिन्याला दीड हजार फक्त विमानासाठीच्या वेगळ्या खात्यात, आणि पुढचं किट तेव्हाच, जेव्हा आधीचं संपलेलं असेल आणि खात्यात पूर्ण रक्कम असेल.

सव्वा लाखाला याने सात वर्षं लागतात, पाच नाही. तुम्हाला हे रुचणार नाही. पण तासांचा हिशोब करा : साधं किट दीड ते दोन हजार तासांचं काम मानतात. नोकरी आणि घर सांभाळून आठवड्याला पाच तास दिलेत तर सात वर्षांत १,८०० तास होतात. पैशांचा वेग आणि हातांचा वेग जुळतो आहे. म्हणजे क्विक-बिल्डसाठी जादा पैसे मोजून वाचवलेला वेळ तुम्ही पुढे इंजिनाच्या पैशांची वाट बघण्यातच घालवाल. साधं किट घ्या. आणि लवकर उडणं हाच मुख्य हेतू असेल, तर बांधू नका, चांगलं जुनं विमान चौघांत मिळून घ्या. बांधणारी मंडळीही नव्या माणसाला हेच सांगतात.

तक्त्यात काही गोष्टी राहिल्यात. व्हॅन्स ओरेगॉनची, आणि ओरेगॉनमध्ये सेल्स टॅक्स नाही म्हणून किट करमुक्त पडेल असं तुम्ही धरलंय. टेक्सासमध्ये युज टॅक्स, म्हणजे राज्याबाहेरून आणलेल्या मालावरचा कर, आहे. राज्याचा सव्वासहा टक्के, स्थानिक धरून सव्वाआठपर्यंत. बिलात तो लागला नसेल तर भरायची जबाबदारी तुमची. पेट्यांचं वाहतूक भाडं, रंगकाम आणि पहिल्या उड्डाणाआधी आरव्हीवर घ्यायचं प्रशिक्षणही धरा. उडायला लागल्यावर पहिले साधारण २५ किंवा ४० तास चाचणीचे. त्यात बायको-मुलीला बसवता येत नाही, पण पेट्रोल, हँगर आणि विमा चालूच असतो. हँगरसाठी विमानतळावर आजच नाव घाला, मोठ्या शहरांभोवती या रांगा लांब असतात.

आणि गाडी. प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, तो पैशांचाच आहे. ऑस्टिनच्या गारपिटीत सात वर्षं गाडी उघड्यावर राहणार. एक शेड टाका किंवा गाडीच्या विम्यात गारपीट धरलेली आहे का ते बघा, आणि तो खर्च विमानाच्या तक्त्यात लिहा.

विम्याबद्दल मी जरा कडक आहे. बहुतेक घरविमा पॉलिसींमध्ये विमान आणि त्याचे भाग, जोडलेले असोत वा सुटे, वगळलेले असतात. गॅरेजला आग लागली तर पंख गेले ते गेलेच. बांधकामाच्या काळासाठी वेगळा विमा मिळतो, शेपटीच्या किटबरोबरच तो घ्या. नुकसानभरपाईच्या दाव्यांसाठी वरून घेतात त्या अंब्रेला पॉलिसीतही विमान सहसा येत नाही. पुढे कधी विकलंत, तरी कागदोपत्री निर्माता तुम्हीच राहता, त्यामुळे विकण्याआधी वकिलाला भेटा. तुमचा आयुर्विमा फक्त कंपनीचा, पगाराच्या दुप्पट. तो अपुरा आहेच, वर नोकरीबरोबर जाणारा. स्वतंत्र टर्म प्लॅन आता घ्या आणि अर्जात उड्डाण आणि विमानबांधणी दोन्ही लिहा. लपवलंत तर नेमक्या वेळी दावा नाकारतील. अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबी या सरकारी संस्थेच्या २०१२ मधल्या अभ्यासानुसार घरी बांधलेली विमानं अमेरिकेतल्या खासगी विमानांच्या ताफ्यात १० टक्क्यांच्या आसपास होती, पण २०११ मधल्या प्राणघातक अपघातांत त्यांचा वाटा २१ टक्के होता. तुमचं मन फिरवण्यासाठी हे सांगत नाही. विमा कंपनी हेच आकडे बघून हप्ता ठरवते.

फ्लॅट. महिना २८ हजार भाडं आणि तुमच्या अंदाजाने किंमत एक कोटी तीस लाख, म्हणजे वर्षाला अडीच टक्क्यांच्या आसपास उत्पन्न. एवढ्यासाठी तो धरून ठेवण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. आईवडील साताऱ्यात स्वतःच्या घरात आहेत आणि तुम्ही परतायचं ठरवलेलं नाही. पण अनिवासी म्हणून विकताना नफ्यावर साडेबारा टक्के आणि वर सेस, शिवाय खरेदीदार टीडीएस कापणार. तो पूर्ण किमतीवर कापला जाऊ नये म्हणून आधी कमी टीडीएसचा दाखला काढावा लागतो. अमेरिकेतही हा नफा दाखवायचा, आणि भाड्याच्या घरावर इतकी वर्षं घेतलेल्या घसाऱ्याचा हिशोबही तिथे निघतो. दोन्हीकडचा सीए-सीपीए बसवून विका. पैसे आले की पहिला हक्क मुलीच्या कॉलेजचा, मग विमानाचा. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांचं उदाहरण तुम्ही दिलंय. ते पेशाने वैमानिक, आणि त्यांनी स्वतःचं डिझाइन पुढे उत्पादन करण्यासाठी उभं केलं. धंद्यासाठी सर्वस्व पणाला लावणं आणि छंदासाठी लावणं यांचा हिशोब वेगळा.

मित्राच्या एक तृतीयांशाचं राहिलं. अमेरिकेत विमानाची नोंदणी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकाच्या नावावर होते. एच-वन-बीवर असताना त्याचं नाव मालक म्हणून घालता येणार नाही. नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा देश सोडायला त्याच्या हातात साठ दिवस, आणि तेव्हा तो तुमच्याकडे पैसे परत मागेल, जे पंखांत रिव्हेट होऊन बसलेले असतील. आत्ता त्याच्याकडून फक्त शनिवार घ्या. ग्रीन कार्ड आल्यावर त्याला वाटा हवा असेल, तर तोवरच्या बिलांच्या एक तृतीयांश रकमेला तो मिळेल, आणि कोणी बाहेर पडल्यास दुसऱ्याने किती महिन्यांत पैसे द्यायचे, एवढं एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. बिलांची फाईल त्यासाठीही लागेल.