लग्नाच्या गेस्टबुकातले इन्स्टॅक्स मिनी फोटो हातात धरायच्या पोर्टेबल स्कॅनरने नीट स्कॅन होतात का?

होतात, आणि चांगले होतात. फक्त स्कॅनर थेट फोटोवर ठेवून ओढायचा नाही. तुम्ही लिहिलंय की बहिणीच्या लग्नात पाहुण्यांचे इन्स्टॅक्स (फुजीफिल्मच्या कॅमेऱ्यातून लगेच छापून बाहेर येणारे छोटे फोटो) काढले, बरेच गेस्टबुकात चिकटवले, काही सुटे राहिले, आणि आता स्कॅन करताना चेहरे चेपल्यासारखे येतात, कडा पुसट होतात. तुमचा स्कॅनर बिघडलेला नाही. तो पानांसाठी बनवलाय आणि तुम्ही त्याला पानापेक्षा फार लहान आणि जाड वस्तू देताय.

मी घरातल्या आणि नात्यातल्या लोकांचे फोटो स्कॅन करून देते, आणि इन्स्टॅक्स आले की सगळं बाजूला ठेवून ते आधी करते. कारण या फोटोंना निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून जो कागद बाहेर आला, तोच एकुलता एक. एखादी काकू त्या लग्नात दुसऱ्या कुठल्याच फोटोत धड दिसत नाही, आणि इथे मात्र मनापासून हसतेय, असं फार वेळा होतं. म्हणून तुम्ही हे मनावर घेतलंत याचा मला आनंद वाटला.

आता चेहरे का चेपतात ते बघा. इन्स्टॅक्स मिनी पांढऱ्या चौकटीसकट ८६ × ५४ मि.मी. असतो, आतलं चित्र जेमतेम ६२ × ४६ मि.मी. स्कॅनर मात्र ए-फोर कागदाच्या रुंदीचा. किती अंतर सरकलं हे तो खालचा रोलर किती फिरला त्यावरून मोजतो. रोलर फोटोच्या कडेवर चढताना घसरला की तेवढ्या ओळी घेतल्याच जात नाहीत आणि चित्र आखडतं. शिवाय या स्कॅनरचा सेन्सर काचेला टेकलेलंच स्पष्ट टिपतो. स्कॅनर फोटोच्या कडेवर तिरका टेकला, थोडासा जरी वर राहिला, तरी तो भाग धूसर येतो.

उपाय एकच: फोटोच्या आजूबाजूची जागा फोटोइतकीच उंच करायची. त्यासाठी मी जुन्या लग्नपत्रिका वापरते. पत्रिका पूर्ण उलगडायची, गणपतीचा उठाव नसलेला सपाट भाग घ्यायचा. पत्रिका आणि फोटो शेजारी शेजारी ठेवून दोघांच्या सांध्यावरून नख फिरवा. नख कुठे अडलं नाही की जाडी जुळली. पातळ वाटली तर दोन थर चिकटवा. मग स्टीलची पट्टी आणि कटर घेऊन फोटोच्या मापाच्या खिडक्या कापा. एका रांगेत तीन बसतात, मधे बोटभर जागा सोडून. खाली काळा कार्डशीट चिकटवा, म्हणजे पांढरी चौकट उठून दिसते आणि नंतर कॉम्प्युटरवर कापताना कडा लगेच सापडते. खिडक्यांच्या आधी चार-पाच बोटं कोरी जागा हवीच. स्कॅनर तिथून सुरू करायचा, म्हणजे फोटोपर्यंत पोचताना हाताला एक लय आलेली असते.

फोटो कुठल्या बाजूने ठेवता यानेही फरक पडतो. खालच्या रुंद पांढऱ्या पट्टीत रसायनाची पुडी असते. फोटो बाहेर येताना कॅमेऱ्याचे रोलर ती फोडतात आणि रसायन चित्रावर पसरतं. रिकामी पुडी तिथेच राहते, म्हणून ती बाजू जराशी फुगीर लागते. स्कॅन चित्राच्या वरच्या कडेकडून सुरू करा आणि ही पट्टी शेवटी येऊ द्या. रोलर तिथे अडखळला तरी तोवर चेहरे घेऊन झालेले असतात.

सुटा फोटो रोलरबरोबर सरकत असेल तर त्याच्या मागे चिकटपट्टीचा छोटा वेटोळा लावा. आधी तो दोन-तीनदा कपड्यावर दाबून त्याचा चिकटपणा कमी करा.

गेस्टबुकात चिकटलेले फोटो कृपा करून उपटू नका. वाकले की आतले थर सुटतात, आणि मग काहीच करता येत नाही. झेरॉक्सच्या दुकानात ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचा कागद) मिळते, ती पानावर पसरा आणि स्कॅनर तिच्यावरून फिरवा. रोलरला सलग पृष्ठभाग मिळतो आणि फोटोही घासत नाहीत. चकचकीत फोटोवर चकचकीत शीट टेकली की कधीकधी इंद्रधनुष्यी कडी दिसतात. शीट किंचित उचलून पुन्हा टाका, कडी जागा बदलतात. चेहऱ्यावरून हटल्या की स्कॅन घ्या. वही उघडल्यावर एक बाजू खाली बसते, तिच्याखाली पुस्तकं ठेवून दोन्ही पानं एका पातळीत आणा. शिवणीजवळच्या फोटोंशी झटापट करू नका, ते फोनने काढा. गूगलचं फोटोस्कॅन ॲप फोनची जागा थोडी थोडी बदलायला लावून एकाच फोटोचे अनेक शॉट घेतं आणि चकाकी काढतं, आणि त्या कामाला ते पुरेसं आहे.

स्कॅनर फिरवण्याआधी एक पाहायचंच: पाहुण्यांनी चौकटीवर कशाने लिहिलंय? परमनंट मार्कर असेल तर निर्धास्त राहा. जेल पेन असेल तर त्या गुळगुळीत चौकटीवर शाई नीट मुरत नाही, रोलरखाली फराटा उठतो. तिथे सुट्या फोटोवरही शीट टाका. धूळ आणि बोटांचे ठसे चष्म्याच्या कोरड्या मऊ कपड्याने टिपा. पाणी किंवा कोलीन अजिबात नको.

सेटिंग ६०० डीपीआय (एका इंचात ६०० ठिपके) ठेवा. त्यात फक्त चित्राचा भाग साधारण १४६५ × १०८७ पिक्सेलचा मिळतो, म्हणजे मूळ आकाराच्या दुप्पट प्रिंट स्वच्छ निघते. ३०० वर ठेवलंत तर मूळ आकाराच्या पुढे जाता येत नाही. ९०० च्या मोहात पडू नका. फिल्ममध्येच तेवढा बारकावा नसतो आणि हात आणखी सावकाश फिरवावा लागतो, त्यात एकेक हिसका चित्रात उमटतो. पांढरी चौकट स्कॅनमधून वगळू नका. रंग पिवळट किंवा निळसर आले तर दुरुस्त करताना तीच पांढऱ्याची खूण म्हणून उपयोगी पडते.

एक चौकशी मात्र आधी करा. लग्नातला कॅमेरा साधा होता, की फोनवरून छापणारा इन्स्टॅक्सचा मिनी लिंक प्रिंटर? लिंक असेल तर मूळ फाइल कुणाच्या तरी फोनमध्ये असणार, आणि ती कागदावरच्या प्रिंटपेक्षा कितीतरी सरस असते. कारण तो प्रिंटर मिनी कागदावर ८०० × ६०० ठिपकेच उमटवतो. मग स्कॅन फक्त हाताने लिहिलेल्या मजकुरासाठी करायचं.

शेवटी फायलींचं. अशा स्कॅनरमधली तारीख बॅटरी बदलताना बरेचदा मागे जाते, तिच्यावर विसंबू नका. गेस्टबुकाचं एक अख्खं पान, मग त्यातले फोटो डावीकडून उजवीकडे, असा क्रम ठेवा आणि नावं त्याच दिवशी टाका. सगळ्यांना ओळखणारी आई किंवा आत्या शेजारी बसलेली असेल तर उत्तमच.