शिटी दुसऱ्याच्या हातात असते तेव्हा

या महिन्यात फुटबॉलविषयी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच वळणावर उभ्या असलेल्या वाचकांची आहेत. कॉलेजचे खेळणे संपले, क्लबात जागा झाली नाही, आणि कोणीतरी म्हणाले, 'ये, संघाबरोबर राहा, मदत कर.' त्यातली निवडक पत्रे इथे घेतली आहेत.

प्रश्न : तीन वर्षे कॉलेजच्या संघात मिडफिल्डला खेळलो. आता तिथल्याच सरांनी साहाय्यक प्रशिक्षक म्हणून बोलावले आहे. आठवड्यातून तीन दिवस, साडेचार ते सहा. मी नेमके काय करायचे ते मात्र कोणी सांगितलेले नाही. — एक वाचक, फोंडा

कोणी सांगणार नाही, तुम्हीच विचारा. पहिल्या सरावाआधी सरांना तीन गोष्टी विचारून घ्या. सरावातला कोणता भाग माझ्याकडे? चालू खेळ थांबवायची मुभा मला आहे का? आणि संघनिवडीबद्दल कोणा मुलाने विचारले तर उत्तर कोणी द्यायचे? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. बाकावर बसलेला मुलगा आधी तुमच्याकडेच येणार, कारण तुम्ही वयाने जवळचे. तुम्ही सहानुभूतीने काहीतरी बोलून जाता, सर दुसऱ्या दिवशी वेगळे सांगतात, आणि आठवड्याभरात संघात दोन गट पडतात. 'हे सरांना विचार' एवढेच म्हणायची सवय लावून घ्या.

मैदानावर वीस मिनिटे आधी पोहोचा. अठरा मुलांच्या सरावाला किमान बारा चेंडू, चोवीस कोन (जमिनीवर ठेवायचे प्लास्टिकचे शंकू) आणि दोन रंगांची नऊ-नऊ बिब (संघ ओळखायला अंगावर चढवायच्या बंड्या) लागतात. तिसऱ्या रंगाची दोन असली तर उत्तम, ती दोन्ही बाजूंनी खेळणाऱ्या मुलांना देता येतात. कोन येतानाच मोजा आणि जातानाही मोजा.

एक ड्रिल चालू असताना पुढच्या ड्रिलची आखणी तुम्ही बाजूला करून ठेवायची, हे तुमचे खरे पहिले काम. सर शिटी वाजवतील तेव्हा मुलांनी फक्त जागा बदलायची, कोन लावेपर्यंत उभे राहायचे नाही. दर बदलाला चार मिनिटे गेली तर तीन बदलांत बारा मिनिटे जातात. डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो, आपल्या बहुतेक मैदानांवर दिवे नसतात, म्हणजे ही बारा मिनिटे सरावाच्या शेवटी आपसात खेळायच्या सामन्यातूनच कापली जातात. मुले सरावाला येतात ती त्या सामन्यासाठी.

वॉर्म-अप बहुधा तुमच्याकडे येईल. नव्याने काही शोधू नका. 'फिफा ११+' हा कार्यक्रम वीस मिनिटांचा आहे : आठ मिनिटे हळू धावणे, दहा मिनिटे ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटे वेगाने धावणे. आठवड्यातून निदान दोनदा झाला तरच त्याचा उपयोग. तो करून घेताना बाजूने नव्हे, समोरून बघा. उडी मारून खाली येताना गुडघे आत एकमेकांकडे झुकतात का, हे बाजूने दिसत नाही, आणि गुडघ्याच्या दुखापतीचे मूळ पुष्कळदा तिथेच असते. मांडीच्या मागच्या स्नायूंचा तो व्यायाम, ज्यात जोडीदार घोटे दाबून धरतो आणि आपण गुडघ्यांवरून सावकाश पुढे झुकतो, तो सुरुवातीला तीन ते पाच वेळाच करायचा. पहिल्याच दिवशी हौसेने पंधरा वेळा करून घेतला, की पुढचे दोन दिवस निम्मा संघ पाय ओढत चालतो आणि सर तुमच्याकडे बघतात. कमरेत वाकून केला तर तो होतच नाही. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत अंग एका रेषेत हवे.

प्रश्न : पास कसा घ्यायचा ते मी स्वतः करून दाखवते, मुली बघतात, 'हो' म्हणतात, आणि खेळायला लागल्या की पुन्हा तेच. चूक कुठे होते? — शाळेच्या मुलींच्या संघाची साहाय्यक प्रशिक्षक, साखळी

तुम्ही दाखवता तेव्हा समोर कोणी चेंडू हिसकावायला येत नाही, त्यांच्या समोर येते. दोन वेळा दाखवणे पुरे. त्यानंतर सुधारणा ड्रिलच्या आखणीतून करून घ्यायची.

पाच विरुद्ध दोन हे उदाहरण घ्या. दहा बाय दहा मीटरचा चौकोन, पाच मुली कडेला पास खेळतात, दोन मध्ये चेंडू हिसकावतात. तिसऱ्या पासाच्या आत चेंडू सारखा हिसकावला जात असेल तर चौकोन लहान पडतोय, बारा मीटर करा. वीस-वीस पास सहज होत असतील तर मधल्यांवर ताणच नाही, आठ मीटर करा किंवा दोनच स्पर्शांची अट घाला. बोलण्याआधी कोन हलवायचे. चौकोन बदलला की अर्ध्या चुका आपसूक जातात, उरलेल्यांवर बोला.

आता बघायचे काय? खेळलेल्या माणसाची नजर चेंडूमागे जाते आणि तिथेच घोटाळा होतो. चेंडू ज्या मुलीकडे आहे तिच्याकडे बघू नका, ज्या मुलीकडे तो यायचा आहे तिच्याकडे बघा. पास निघायच्या आधी ती खांद्यावरून मागे बघते का? चेंडू येताना तिचे दोन्ही पाय पास देणारीकडे सरळ तोंड करून आहेत, की अंग थोडे तिरपे आहे? सरळ उभी असेल तर चेंडू जवळच्या पायावर येतो, आणि जिथून आला तिथेच परत द्यावा लागतो. तिरपी असेल तर तो लांबच्या पायावर घेऊन दुसऱ्या बाजूला खेळता येतो. चूक चेंडू हुकला तेव्हा दिसली, तरी घडली त्याच्या दोन सेकंद आधी.

खेळ थांबवायचा तर चूक घडताक्षणी, सगळ्या मुली आहेत तिथेच उभ्या असताना. एक वाक्य, शक्यतो प्रश्न : 'चेंडू यायच्या आधी तू काय पाहिलेस?' तेवढा एक पास पुन्हा खेळवा आणि पुढे चला. सगळे मिळून वीस सेकंद. दर मिनिटाला थांबवले तर तो सराव राहत नाही, प्रवचन होते.

आणि माणसे कमी पडली म्हणून स्वतः आत शिरू नका. आत असलेल्याला मैदान दिसत नाही, शिवाय तुम्ही आत असलात की प्रत्येक मुलगी चेंडू तुम्हालाच देते. अकरा जणी आल्या तर पाच विरुद्ध पाच खेळवा आणि उरलेलीला चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांच्या बाजूने खेळू द्या.

प्रश्न : संघातले चार जण माझ्याबरोबर खेळलेले आहेत. सगळ्यांसमोर टोपणनावाने हाक मारतात, ऐकत नाहीत. — पेडणे

टोपणनावावरून भांडू नका, ते सुटत नाही. चौघांनाही सरावाच्या आधी एकेकट्याने भेटा आणि प्रत्येकाला एक जबाबदारी द्या. कोणी कॉर्नर घ्यायचे, कोणी नव्या मुलांना फ्रीकिकच्या वेळी भिंत कशी उभी करायची ते शिकवायचे. मैदानावर सगळ्यांदेखत सुनावलेला मित्र पुढचे तीन महिने सुधारत नाही. त्यांच्याबरोबर सरावानंतर चहाला जा, पण संघाची चर्चा तिथे नको.

प्रश्न : प्रशिक्षकाचे लायसन्स घेतल्याशिवाय पुढे जाता येईल का? कुठून सुरुवात करायची? खेळलेल्याला सूट मिळते का? — डिचोली

शाळा-कॉलेजात मदतीला राहण्यासाठी कोणी कागद मागत नाही, पण क्लबात जायचे तर मागतात. पायऱ्या अशा आहेत : डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो. डी हे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे लायसन्स. त्याचे वर्ग राज्य संघटनेमार्फत होतात, म्हणून गोवा फुटबॉल असोसिएशनच्या सूचनांवर लक्ष ठेवा. जागा मोजक्या असतात.

कॉलेजात खेळलात म्हणून डी टाळता येईल असे धरून चालू नका. वर्गात प्रत्येकाला एक सराव घ्यायला लावतात, बाकीचे उमेदवार खेळाडू होतात. तिथे जुन्या खेळाडूंची गाडी ठराविक ठिकाणी अडते : समजावण्यात पाच मिनिटे घालवतात, आणि दिलेला विषय 'पास घेणे' असताना मध्येच गोल कसा मारायचा त्यावर घसरतात. जाण्याआधी एकच विषय घेऊन पंधरा मिनिटांचे तीन सराव कागदावर आखा आणि गावातल्या मुलांवर करून बघा.

शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक व्हायचे असेल तर वाट वेगळी आहे. तिथे बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी लागते, डी लायसन्स त्याची जागा घेत नाही. दोन्ही वाटांची सरमिसळ करून वर्ष घालवलेले उमेदवार दरवर्षी दिसतात.

साहाय्यक म्हणजे कायमचा दुसरा, असेही नाही. क्लिफर्ड मिरांडा धेंपो आणि एफसी गोवा या क्लबांकडून खेळले, नंतर एफसी गोवातच साहाय्यक प्रशिक्षक झाले. २०२० च्या सुरुवातीला मुख्य प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा गेल्यावर साखळी फेरीचे थोडेच सामने उरलेले असताना संघ त्यांच्याकडे आला आणि एफसी गोवा इंडियन सुपर लीगच्या साखळी फेरीत पहिला राहिला. २०२३ मध्ये त्यांच्या हाताखाली ओडिशा एफसीने सुपर कप जिंकला. मात्र ते प्रो लायसन्सपर्यंत पोहोचलेले आहेत, ही बाजू लोक सांगायला विसरतात.

प्रश्न : सामन्याच्या दिवशी बेंचवर बसून मी ओरडण्यापलीकडे काही करत नाही असे वाटते. — म्हापसा

सर सूचना देत असताना तुम्हीही ओरडणे तर नियमातही बसत नाही. बेंचसमोरचा आखलेला भाग बसण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना एक-एक मीटर आणि पुढे टचलाइनपासून (मैदानाच्या लांबीकडच्या रेषेपासून) एक मीटर अलीकडेपर्यंत असतो, आणि तिथून एका वेळी एकाच माणसाने सूचना द्यायच्या असतात. सर उभे असताना तुम्हीही उठून हातवारे केलेत तर चौथा पंच तुम्हाला बसवणार. बेंचवरून कोणी पंचांना शिवी हासडली आणि ती कोणाची हे कळले नाही, तर कार्ड तिथे हजर असलेल्या वरिष्ठ प्रशिक्षकाला मिळते. तुमच्या तोंडामुळे सर गॅलरीत जातील, एवढे ध्यानात असू द्या.

तुमचे काम कागदावर आहे. पाठकोऱ्या कागदावर मैदान काढा, आडवे तीन भाग करा. आपल्या संघाने चेंडू गमावला तिथे मिनिट आणि खेळाडूचा नंबर लिहा, बाकी काही नाही. अर्ध्या तासात ठिपके कुठे दाटलेत ते डोळ्यांना दिसते. मध्यंतर पंधरा मिनिटांचे, पण जायला-यायला, पाणी प्यायला, पट्टी बांधायला वेळ जाऊन बोलायला सात-आठ मिनिटे उरतात. मुले आत येण्याआधी सरांना दोन गोष्टी सांगा. तिसरी सुचली तरी खिशात ठेवा. 'डावीकडे मार खातोय' असे नको, 'त्यांचा सात नंबर आत येतो तेव्हा आपला डावा बॅक त्याच्यामागे जातो आणि मागची जागा मोकळी पडते' असे हवे.

आणि बदली खेळाडू. गोल खाण्याची ही अगदी ठरलेली तऱ्हा आहे : सत्तराव्या मिनिटाला बदली होते, लगेच समोरच्यांना कॉर्नर मिळतो, आणि बाहेर गेलेला मुलगा ज्याला धरून उभा राहायचा तो माणूस मोकळा राहतो. नव्याला वाटते दुसऱ्याने धरला असेल. यावर उपाय म्हणजे पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा. एका बाजूला आपल्या विरुद्ध कॉर्नर, दुसऱ्या बाजूला आपला कॉर्नर, प्रत्येक नंबरासमोर जागा. बदली खेळाडू शिन गार्ड (नडगीवरची ढाल) घालत असताना त्याच्यासमोर पुठ्ठा धरा आणि त्याच्याच तोंडून वदवून घ्या, 'मी पाच नंबरला धरणार.' नुसती मान डोलावली तर ते ऐकले असे समजू नका. पुठ्ठ्यावर प्लास्टिक चढवा, पावसात शाई पसरते.

डोक्याला मार लागून मुलगा गांगरला, तोल गेला, तोच प्रश्न पुन्हा विचारू लागला, तर त्याला बाहेर काढा. त्या दिवशी तो परत खेळणार नाही. तो स्वतः 'बरा आहे' म्हणेल, स्कोअर एक-एक असेल, तरीही नाही. उलटी, वाढती डोकेदुखी किंवा झोप येऊ लागली तर १०८ ला फोन.

प्रश्न : आमच्या जांभ्याच्या मैदानावर चेंडू दोन महिन्यांत जातात. दुकानदार म्हणतो हवा कमी ठेवा. — काणकोण

अर्धे खरे. सामन्याच्या चेंडूत ८.५ ते १५.६ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) एवढी हवा चालते. कठीण मैदानावर नऊ-दहा ठेवा, गच्च भरलेल्या चेंडूची शिवण खड्यावर लवकर उसवते. पण साडेआठच्या खाली गेलात तर चेंडू पायाला चिकटतो, आणि मुलांना चुकीची सवय लागते. दोन महिन्यांत जातात त्याला बहुतेक वेळा सुई कारण असते. कोरडी सुई घुसवली की व्हॉल्व्हचे रबर फाटते. सुईला ग्लिसरीन किंवा निदान पाणी लावा आणि सरळ घाला, तिरपी नको. शंका आली तर व्हॉल्व्ह पाण्याखाली धरून बुडबुडे बघा. पावसाळ्यात भिजलेले चेंडू चुलीजवळ वाळवू नका, सावलीत टांगा. जुने चेंडू लाल मातीवर ड्रिलला आणि नवे फक्त गवतावर, असे दोन पिशव्यांत वेगळे ठेवले तर तेवढ्याच पैशांत मोसम निघतो.