चाकाला चिखल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आमचा चौदा जणांचा सायकल क्लब आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारी कामशेतहून पवनानगरमार्गे तिकोना पेठेला जायचं ठरलं. वाटेत डांबर सोडून शेतातल्या गाडीवाटेला लागलो आणि पंचाईत झाली. चिखलाने चाकं जाम झाली, दोघं मागे फिरले, एकाचा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, तुटला. पुढचे पाच जण तासभर आधी पोचले आणि चहा पिऊन परतही निघाले. आता भांडण लागलंय. निम्म्यांचं म्हणणं, पावसाळ्यात डांबर सोडायचंच नाही. तुम्ही काय सांगाल?
— एक सभासद, चिंचवड

उत्तर : डांबर जरूर सोडा. बेडसे लेण्यांच्या पायथ्यापासून तिकोन्यापर्यंतचा हा पट्टा पावसाळ्यात आतल्या वाटांनीच बघावा. मी तीस वर्षं बघतेय. तुमच्या पत्रातली मला खुपलेली गोष्ट चिखल नाही, ते पुढे गेलेले पाच जण आहेत.

आधी चिखलाचं बोलू. मुसळधार पावसात चिखल पातळ असतो, चाकावरून धुऊन जातो. खरा त्रास उघडीप पडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतो. माती अर्धवट सुकते आणि कणकेसारखी टायरला चिकटते. अशा वेळी मडगार्ड आणि टायर यांच्यात बोटभर जागा नसेल तर मडगार्ड घरीच काढून ठेवा. खिशात बांबूची एक चपटी काडी ठेवा, ब्रेकजवळचा गोळा तिनेच निघतो. चढावर सीटवरून उठू नका. तुम्ही उभे राहिलात की मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि ते जागीच फिरतं. हलका गिअर, एकसारखं पेडल, नजर दहा-बारा फूट पुढे.

डिरेलर बहुधा असा तुटतो : चेनमध्ये गवत, काडी, चिखल अडकतो, पेडल जड लागतं आणि माणूस आणखी जोर लावतो. पेडल अचानक जड झालं की तिथेच पाय थांबवायचा. डिरेलर ज्या पट्टीवर लटकतो तो हँगर फ्रेम वाचावी म्हणून आधी वाकेल असाच केलेला असतो. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा, त्यामुळे मित्राचा तुम्हाला बसणार नाही. आपापला जादा हँगर सीटखालच्या पिशवीत हवा. क्लबमध्ये निदान एक चेन तोडायचं हत्यार असू द्या. डिरेलर गेलाच तर चेन आखूड करून एकाच गिअरवर घरी येता येतं.

एक धोका डांबरावरच असतो. भाताची चिखलणी करून ट्रॅक्टर लोखंडी चाकांनिशी रस्त्यावर चढतो, तेव्हा मागे मातीचा गुळगुळीत पट्टा सोडतो. वर भुरभुर पाऊस झाला की त्यावर सायकल अशी घसरते की ब्रेकला हात लावायलाही वेळ मिळत नाही. तिथे ब्रेक दाबू नका, हँडल वळवू नका, सरळ जाऊ द्या.

आणि खाचरांच्या बांधावर सायकल घालू नका. ही माझी कळकळीची विनंती आहे. मावळातला इंद्रायणी तांदूळ तुम्ही सगळेच खाता. तो वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आला आणि जुलैत त्याची लावणी चालू असते. बांध ओला असतो. चौदा सायकलींची चाकोरी पडली की तिथून पाणी फुटतं आणि खाचर रिकामं होतं. कंबरेत वाकून रोपं लावणाऱ्या बायकांना पुन्हा बांध लिंपायला लावणारे आपण कोण? गाडीवाट संपली की सायकल खांद्यावर घ्या किंवा मागे फिरा. समोर बैलजोडी आली तर उतरून कडेला उभे राहा.

आता ते पाच जण. बऱ्याच वर्षांपूर्वी जवणजवळच्या एका फाट्यावर मीही अशीच पुढे निघून गेले होते. मागच्याला वाट माहीत असेल असं गृहीत धरलं. तो धरणाच्या पाण्याकडे उतरणाऱ्या पायवाटेला लागला, घसरला आणि दोन तासांनी सुजलेला घोटा घेऊन लंगडत आला. रागाने एक शब्दही बोलला नाही. त्याचा तो चेहरा मला अजून दिसतो.

तेव्हापासून आमच्यात ‘फाट्याचा माणूस’ असतो. फाटा आला की सगळ्यात पुढचा सायकलस्वार तिथे थांबतो, येणाऱ्या प्रत्येकाला वाट दाखवतो आणि शेवटचा येईपर्यंत हलत नाही. मग तो शेवटच्याच्या थोडा पुढे राहून निघतो. पुढच्या फाट्यावर तेव्हा पुढे असलेला थांबतो. शेवटचा माणूस मात्र निघतानाच ठरवायचा. तो वाट माहीत असलेला आणि पंक्चर काढता येणारा हवा, आणि त्याने कुणालाही मागे टाकायचं नाही. या पद्धतीत वेगवान लोकांना मनसोक्त पळता येतं आणि कुणी हरवत नाही. चिखलात ताशी सात-आठ किलोमीटरच धरा, डांबरावरचा हिशेब तिथे लावू नका.

प्रश्न : तिसऱ्या मजल्यावर राहतो. चिखलाने भरलेली सायकल मोटारसायकल धुतात त्या फवाऱ्याखाली धरली तर चालेल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : नको. माझ्या वडिलांचं तळेगावात सायकलचं दुकान होतं. ओव्हरहॉलिंगला आलेल्या सायकलीचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, उघडला की ते छर्रे तळहातावर घेऊन ग्रीसचा रंग बघायचे. पाणी शिरलेलं ग्रीस दुधाळ दिसतं. जोराचा फवारा नेमकं तेच करतो : हबमध्ये, पेडलच्या आसात, हँडलच्या बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो.

बादली, मग आणि जुना ब्रश पुरे. चिखल सुकायच्या आत, खालीच पार्किंगमध्ये धुवा. चेन फडक्याने पुसा, कोरडी होऊ द्या, प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब टाका आणि वरचं तेल पुसून घ्या. डिस्क ब्रेक असतील तर त्यांच्या चकतीला तेलाचा हात लावू नका. रिमचे ब्रेक असतील तर रबरात रुतलेले खडे टोकदार वस्तूने काढा, नाहीतर ते रिम खरवडतात. सीटची नळी उपसून सायकल उलटी धरा. किती पाणी निघतं ते बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल.

चेन मोजायला पट्टी पुरते. नव्या चेनच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. एक षोडशांश इंच वाढ दिसली की चेन बदला, म्हणजे मागच्या चाकावरची दातेरी चकत्यांची महागडी कॅसेट वाचते.

प्रश्न : मी ५२ वर्षांची आहे. साधी, सरळ हँडलची सायकल आहे. क्लबबरोबर चिखलवाटेने जायची फार इच्छा आहे, पण माझ्यामुळे सगळे खोळंबतील.
— एक वाचक, तळेगाव

उत्तर : जा. सरळ हँडल चिखलात उलट सोयीचं असतं. टायरमधली हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवा, साधे पेडल आणि खाचांच्या तळव्याचे बूट वापरा. शेवाळलेल्या कातळावर मात्र उतरून चाला. तो चिखलापेक्षा घसरडा असतो.

पायाला खरचटलं तर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने लगेच धुवा. खाचरातल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असू शकतं, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा तापाचा आजार त्यातूनच होतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांकडे जा आणि चिखलात होते हे आपणहून सांगा.

क्लबमध्ये नाव देण्याआधी एकच गोष्ट विचारा : तुमच्यात सगळ्यात शेवटी कोण असतं? त्यांनी चटकन एखादं नाव सांगितलं, तर रविवारी सकाळी निघा.